शटरच्या अलीकडचा माणूस

तालुक्याच्या कचेरीबाहेर लिंबाच्या झाडाखाली माझे टेबल होते, त्या काळी माझ्या हातचा अर्ज मामलेदार शेवटपर्यंत वाचीत असत, हे सुरुवातीलाच नमूद करून ठेवतो. माझे शिक्षण अकरावीत अडले. लेखणी मात्र अडली नाही. वारसनोंद असो, विहिरीचा तंटा असो, शिधापत्रिकेत चुकलेले आडनाव असो, माणूस समोर बसून रडत असे आणि मी त्याच्या रडण्याची कलमे पाडीत असे. लिहून झाले की मजकूर त्याला मोठ्याने वाचून दाखवायचा, त्याने ‘बरोबर आहे’ म्हणायचे, मग सही किंवा अंगठा. आणि सर्वांत खाली साक्षीदाराची ओळ. साक्षीदाराशिवाय अर्जाला वजन येत नाही. कोणी मिळाले नाही तर मी स्वतःच साक्षीदार होत असे. अनोळखी माणसाच्या दुःखाला मी कितीदा साक्षीदार झालो असेन, त्याची मोजदाद नाही.

ही सवय मी न्यू जर्सीत आलो तेव्हा सोबत आणली. आणली कशी, ते सांगतो. माझी थोरली बहीण दाजींबरोबर फार पूर्वी अमेरिकेत आली होती. आई गेल्यावर मला वाढविले ते तिनेच, त्यामुळे तिला ताई म्हणत असलो तरी मनातले नाते निराळे. तिने माझ्यासाठी कागद केले. ते कागद सरकारदरबारी इतकी वर्षे पडून राहिले, की माझी पाळी येईपर्यंत लग्न राहून गेले होते, कचेरीसमोर संगणकाची दुकाने झाली होती आणि लिंबाखाली वाहनतळ आला होता. दाजी मला आणायला विमानतळावर आले, माझ्या अंगावर स्वतःचा जाड कोट चढविला आणि घराच्या तळघरात माझी खोली दाखविली. त्या हिवाळ्यानंतर ते फार दिवस जगले नाहीत.

तळघराला खिडकी आहे, पण ती छताला लागून. तिच्यातून गवताची मुळे, गाड्यांची चाके आणि आल्यागेल्याचे बूट दिसतात. बर्फ पडला की तेही नाही. घरापुढच्या रस्त्याला पादचाऱ्यांसाठी जागा नाही. ओक ट्री रोडवरची दुकाने गाडीने अगदी जवळ आहेत. पायी ती जणू दुसऱ्या राज्यात. वाहनपरीक्षेत माझे आणि परीक्षकाचे मत जुळले नाही. तेव्हापासून मी कोठे जायचे, केव्हा जायचे आणि केव्हा परतायचे, हे भाच्याच्या गाडीवर ठरते, आणि भाच्याची गाडी ताईच्या शब्दावर.

येथील मराठी मंडळ दाजींनी उभे केले. जुन्या चर्चचा सभागृह असलेला भाग मंडळाने विकत घेतला, तोही त्यांच्याच खटपटीने. त्यांच्यामागे अध्यक्षपद भाच्याकडे आले. भाचा सज्जन आहे, संगणक कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, आणि सभेत त्याला नेहमी घाम फुटतो. ताईकडे कसलेही पद नाही. कोणी आग्रह केला तर ती म्हणते, “मला कशाला पद? मी आपली पोळ्या लाटते.” परंतु सभागृहाच्या मागच्या भिंतीत स्वयंपाकघराची खिडकी आहे, ताटे पुढे सरकवायची, आणि तिला लोखंडी शटर आहे. सभेच्या दिवशी ते शटर अर्धे खाली ओढलेले असते. आत घडीच्या खुर्चीवर ताई बसते. ठराव मांडला गेला, की सभेतील जुनी माणसे मान वळवून शटरकडे पाहतात. आत शांतता असली तर हात वर होतात. झारा पातेल्यावर आपटला, तर ठराव पुढच्या सभेवर जातो.

ज्या वेळी झाऱ्याने भागत नसे, त्या वेळी मी. शटरच्या अलीकडे, सभेकडे तोंड करून मी उभा राहत असे. ताई हळू आवाजात सांगे, मी त्याला भाषा देत असे आणि ‘महिला विभागाचे निवेदन’ म्हणून वाचून दाखवीत असे. मंडळाची पत्रे, सूचना, श्रद्धांजल्या, वकिलातीला पाठवायचे अर्ज, सगळे माझ्या हातचे. भाच्याच्या नावाने गेलेले एकही वाक्य भाच्याचे नव्हते.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात अर्विंगहून फोन आला. ओक ट्री रोडवर पूर्वी किराणा चालविणारा एक नागपूरकर टेक्सासला गेला होता आणि तेथे त्याने मोठे दुकान टाकले होते.

“भाऊ, इथं सगळ्यांचे आईबाप आले आहेत,” तो म्हणाला. “कुणाला पासपोर्टचं, कुणाला पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याचं. पोरांना टाइम नाही. दुकानाच्या कोपऱ्यात तुम्हाला टेबल देतो. मागं खोली आहे. पायी सगळं जवळ. या तुम्ही.”

“टेबल कसे आहे?” मी विचारले.

“चांगलं लाकडाचं आहे. पण दिवाळीच्या आत या, भाऊ. मोबाइलवाला मागून राहिला ती जागा.”

खिडकीतून चाके बघत मी तो फोन खाली ठेवला. पायी सगळे जवळ, हे शब्द डोक्यातून जाईनात. परंतु ताईने ‘जा’ म्हटल्याशिवाय मी घरातून निघू शकत नव्हतो. हे कायद्याने नव्हते. ज्या बाईने आपल्याला भात कालवून भरविला तिच्या दारातून न सांगता निघणे मला जमणारे नव्हते, आणि सांगणे तर त्याहून अवघड होते.

“ताई, अर्विंगला एक जागा...”

“ही कोथिंबीर निवड जरा.”

दुसऱ्यांदा विचारले तेव्हा तिने मिक्सर लावला. तिसऱ्यांदा म्हणाली, “टेक्सासला फार उकडतं.” तिने कधी नकार दिला नाही. नकार दिला असता तर मी त्याला उत्तर लिहिले असते.

त्याच सुमारास मंडळात वेगळेच पेटले. पुणे, मुंबई, नागपूरहून गेल्या काही वर्षांत आलेल्या तरुण अभियंत्यांनी एक ठराव पाठविला: यापुढे अध्यक्ष सर्व सभासदांच्या गुप्त मतदानाने निवडावा. भाषा सभ्य होती, परंतु बाण कोठे आहे ते सर्वांना कळले. भाचा तर मनातून खूशच झाला असावा. ताईने तो ठराव माझ्याकडून वाचून घेतला आणि गॅस बारीक केला.

“ह्या सभेला नीट बोलायला लागेल,” ती म्हणाली. “झारा नाही चालायचा.”

मी संधी साधली. “मग अर्विंगचं?”

तिने तव्यावरची पोळी उलटली. “सभा आपल्या बाजूनं होऊ दे. मग जा. मी अडवणार नाही.”

“नक्की?”

“आता माझा शब्द तुला लिहून पाहिजे का रे?”

भाच्याची मुलगी त्या वेळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसली होती. ती येथेच जन्मली, कॉलेजात जाते, आणि मराठी समजते. बोलताना मात्र दर दोन शब्दांनी घसरते. तिला इतिहासाचा निबंध लिहायचा होता. आमचे बोलणे ऐकून ती हसू लागली.

“मामाआजोबा, आजी इज लिटरली माय पेपर!”

“म्हणजे?”

मग तिने सांगितले. आठशे वर्षांपूर्वी जपानात कामाकुरा गावी शोगुनचे, म्हणजे सरसेनापतीचे, राज्य सुरू झाले. पहिला शोगुन वारला. त्याच्या बायकोने केस कापले, ती संन्यासिनी झाली आणि तेथून पुढे तिचीच सत्ता चालली. मुलगे एकामागून एक शोगुन झाले, एकामागून एक गेले. मग राजधानीतून एक अगदी तान्हे मूल आणून गादीवर बसविले आणि पडद्याआडून ही कारभार करू लागली. लोक तिला संन्यासिनी शोगुनच म्हणत.

“आणि तिचा ओन फादर मध्ये आला ना, तर तिने त्याला पण घालवलं. गावाला पाठवून दिलं. लाइक, बाय!”

ताईने लाटणे थांबविले. “बापाला? एकटीनं?”

“तिचा भाऊ होता सोबत. दोघांनी मिळून.”

“मग त्या भावाचं काय केलं तिनं?”

“काही नाही. तो राहिला ना. शेवटपर्यंत तिच्याबरोबर. सगळं काम तोच करायचा.”

“शहाणा होता,” ताई म्हणाली आणि पुढची पोळी घेतली.

मी ते हसण्यावारी नेले. माझे लक्ष निबंधाच्या पुढच्या भागाकडे होते. राजधानीतील निवृत्त सम्राटाने या शोगुनशाहीविरुद्ध फर्मान काढले, तेव्हा सरदार चुळबुळू लागले; कोणाकडे जावे कळेना. तेव्हा या बाईने सर्वांना अंगणात जमविले आणि आपल्या मेलेल्या नवऱ्याने त्यांना काय काय दिले, त्याची आठवण करून दिली. जमिनी, मानमरातब, राजधानीच्या वेठीपासून सुटका. सरदार रडले आणि तिच्या बाजूने लढायला गेले.

“बोलली का ती पडद्याबाहेर येऊन?” मी विचारले.

“एका जुन्या क्रॉनिकलमध्ये आहे की ती आत बसली होती. एका माणसाने बाहेर उभं राहून रीड केलं.”

“माणूस कोण?”

“तिचा कोणी ऑफिसर. व्हाय?”

त्या आठशे वर्षांपूर्वीच्या मनुष्याविषयी मला जो आपलेपणा वाटला तो शब्दांत मांडणे मलाही कठीण गेले, आणि माझ्या बाबतीत असे क्वचितच होते.

मग मी तळघरात बसून निवेदन लिहिले. त्यात मतदानाविषयी एक अक्षर घातले नाही. तीच त्याची खुबी. फक्त दाजी होते. बर्फात विमानतळावर उभे राहिलेले दाजी. नव्या माणसाला पहिला कोट देणारे, पहिल्या मुलाखतीला गाडीने सोडणारे, बाळंतिणीचे आईबाप व्हिसाअभावी येऊ शकले नाहीत तेव्हा ताईला डिंकाचे लाडू घेऊन पाठविणारे दाजी. सभेत बसलेल्या बहुतेकांनी या देशातील पहिली रात्र आमच्या तळघरात काढली होती, तेथेच माझी खाट आहे. मी प्रत्येक उपकाराचे वेगळे वाक्य केले आणि ज्याच्यावर तो झाला त्याचे नाव मुद्दाम घातले नाही, म्हणजे प्रत्येकाने तो स्वतःचा समजावा. कारागिरी म्हणून सांगतो, असा मसुदा माझ्याकडून पूर्वी झाला नव्हता.

तरीही वाचताना काही कमी पडत होते. सर्व खरे होते, पण वजन नव्हते. मग लक्षात आले: साक्षीदार नाही. मी शेवटी एक परिच्छेद जोडला.

ताईला वाचून दाखविले. ती डोळे मिटून ऐकत होती. दाजींच्या कोटापाशी तिने पदर डोळ्यांना लावला. शेवटचा परिच्छेद झाल्यावर डोळे उघडले.

“हे शेवटचं ठेवायचंच का?”

“का? काय चुकलं?”

“चुकलं नाही. विचारते.”

“ताई, ते काढलं तर बाकीचं सगळं नुसतं सांगोवांगी होतं. साक्षीदार पाहिजे.”

तिने पदर सारखा केला. “बघ बाबा. तू लिहिणारा.” आणि मग रिवाजाप्रमाणे म्हणाली, “बरोबर आहे.”

सभेला गर्दी होती. तरुणांचा पुढारी पुण्याचा एक अभियंता, चष्मा लावणारा, बोलायला गोड. त्याने पडद्यावर चित्रे दाखवून आपला ठराव समजावला. “कुणाच्याही विरुद्ध हे नाही, प्लीज. सिस्टिम असली पाहिजे, एवढंच. कोणी एक घर म्हणेल तसं, हे किती दिवस चालणार, यार?” मागच्या रांगांतून टाळ्या पडल्या. भाचा कपाळ पुसत होता. झाऱ्याचा आवाज आला नाही.

मी शटरच्या अलीकडे उभा राहिलो. “महिला विभागाचे निवेदन,” असे म्हणताच कोणीतरी ओरडले, “काका, पीडीएफ टाका ना ग्रुपवर!” आणि हशा झाला. दुसरा म्हणाला, “सदर, उपरोक्त, वगैरे किती आहे, काका? जेवण गार होईल.”

मी चष्मा पुसला आणि वाचू लागलो. पहिल्या वाक्याला हशा विरला. बर्फातल्या विमानतळापाशी पुढच्या रांगेतील एका बाईने मान खाली घातली. तळघरातल्या पहिल्या रात्रीपाशी सभागृहात लहान मुलेसुद्धा गप्प होती. चष्मेवाला अभियंता टेबलाच्या कडेला नख घासत होता. दाजींच्या शेवटच्या हिवाळ्यात तोसुद्धा तेथे राहून गेलेला. त्याला रात्री थंडी वाजे म्हणून दाजींनी स्वतःचे पांघरूण दिले होते, हे मला ठाऊक होते आणि त्यालाही ठाऊक होते.

मग मी शेवटचा परिच्छेद वाचला. या उपकारांचा पहिला साक्षीदार मी आहे. मला या घराने आणले, या घराने ठेवले. मला उद्या कोणी दुसरीकडे मानाची जागा देऊ केली, तरी हे घर आणि ही बहीण सोडून मी जाणार नाही. ज्याला जावेसे वाटते त्याने आज उठून सांगावे की त्याने या घरचे काहीच घेतले नाही.

कोणी उठले नाही. लिहिताना ते वाक्य मला केवळ वजन म्हणून सुचले होते. उच्चारताना प्रथमच ते माझ्या कानांवर पडले. माझ्या पाठीमागे, शटरच्या आत, खुर्ची किंचित सरकल्याचा आवाज झाला.

अभियंता उभा राहिला. “काका, आता यावर काय बोलणार?” त्याने चष्मा काढून हातात धरला. “मी ठराव मागे घेतो. काकू, सॉरी.” सगळी सभा शटरकडे वळून टाळ्या वाजवू लागली. माझ्याकडे तोंड होते, पण पाहत होते माझ्या खांद्यावरून मागे.

जेवणाच्या वेळी लोकांनी मला मिठ्या मारल्या. भाचा तेवढा ताट घेऊन कोपऱ्यात उभा होता. त्याचे अध्यक्षपद वाचले होते.

दुसऱ्या दिवशी मी बॅग काढली. कपडे अर्धे भरून झाले तोच अर्विंगहून फोन आला.

“भाऊ! काय बोलले तुम्ही! व्हिडिओ आला इकडं. बायको तर रडूनच राहिली.”

“मी येत्या आठवड्यात निघतो आहे,” मी म्हणालो.

तो हसला. “काय थट्टा करता, भाऊ? तुम्ही सगळ्यांसमोर सांगितलं ना. अशा माणसाला त्याच्या बहिणीपासून तोडायचं? मी नाही तसा. लोक तोंडात शेण घालतील माझ्या. टेबल दिलं मी मोबाइलवाल्याला, आजच. तुम्ही टेन्शन नका घेऊ.”

“ते निवेदन होते,” मी म्हणालो. “निवेदनात तसे लिहितात.”

“तेच म्हणतो मी. असं लिहायला मन लागतं.”

ताई जिना उतरून आली तेव्हा बॅग उघडीच होती. तिच्या हातात डबा होता.

“चिवडा केला आहे प्रवासाला,” ती म्हणाली. “माझा शब्द आहे. जा तू. पोराला सांगते विमानाचं बघायला.”

“त्यानं टेबल दुसऱ्याला दिलं.”

“का?”

“भाषण ऐकलं म्हणून.”

ती खाटेच्या कडेवर बसली. वर खिडकीतून कोणाच्या तरी गाडीची चाके मागे सरकत गेली. तिच्या चेहऱ्यावर आनंद होता असे मी म्हणणार नाही. मला तो शोधायचा होता, पण सापडला नाही.

“मी विचारलं होतं तुला,” ती म्हणाली. “ठेवायचं का म्हणून.”

“विचारलं होतंस.”

“आता दुसरीकडं बघ कुठं तरी. शिकागोला डेव्हनवर ओळखीचे आहेत आपले.”

परंतु डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या ओळखीच्यांनीही तो व्हिडिओ पाहिला होता. ताईने माझ्यासमोर त्यांना फोन लावला, ती खरोखरच बोलली, आणि पलीकडून हसण्याचा आवाज मला ऐकू आला: “काकू, काकांना तुमच्यापासून कोण नेणार?”

भाच्याच्या मुलीला मी विचारले, त्या जपानी अंगणात पडद्याबाहेर उभे राहून ज्याने वाचले, त्याचे पुढे काय झाले. ती फोनवरून मान वर न करता म्हणाली, “आय डोन्ट नो, मामाआजोबा. पेपर तिच्यावर होता. मिळाली मला ए ग्रेड.”

यंदाच्या पाडव्याला मंडळाने माझा सत्कार केला. शाल दिली आणि ठराव करून सभागृहात मला कायमचे टेबल दिले. लाकडाचे, चांगले आहे. ताईनेच ते सुचविले, असे भाचा म्हणाला. ते स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून ठेवले आहे. दर शनिवारी भाचा आम्हा दोघांना तेथे सोडतो आणि ताईचे आवरले की परत नेतो. पासपोर्टचे, पेन्शनचे, आईवडिलांना बोलावण्याचे अर्ज लिहून घ्यायला लांबलांबून लोक येतात. माझ्या अक्षराची कीर्ती आता पेनसिल्वेनियापर्यंत गेली आहे.

लोक येतात, माझ्या टेबलासमोर उभे राहतात, मला नमस्कार करतात. मग थोडे वाकून शटरखालून आत पाहतात आणि विचारतात, “काकू, काकांना आज वेळ आहे का?”

मी पेनचे टोपण काढून थांबतो. आतून ती सांगते.